पंखा कसा होता?

सराव परीक्षा चालू असताना वर्गाच्या दारात लवंगी फटाक्यांची माळ लावणारा शिक्षक मी आयुष्यात एकच पाहिला. माळ दिवाळीतली उरलेली होती आणि सरांनी ती खास या कामासाठी जपून ठेवली होती. आम्ही माना खाली घालून वर्गसमीकरणं सोडवत होतो, आणि एकदम तडतडतडतड! निम्मा वर्ग बाकावरून उडाला. माझ्या शेजारच्या अफसानाच्या पेनाने कागदाला आरपार भोक पाडलं. धूर जरा निवळल्यावर सर आत आले आणि म्हणाले, "ज्यांचा हात थांबला त्यांनी उभं राहा."

आम्ही सगळेच उभे राहिलो. शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या होत्या, त्याही उभ्याच होत्या. सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "बरंच काम शिल्लक आहे म्हणजे."

हे आमचे गणिताचे सर. सातपूरच्या आमच्या शाळेत दहावीच्या ड तुकडीला शिकवायचे. तुकड्या मार्कांवरून पाडलेल्या होत्या, तेव्हा ड म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सर उंच आणि काटकुळे होते. पांढरा हाफ शर्ट आणि खिशात दोन पेनं, एक चालणारं आणि एक न चालणारं. पेन विसरलेल्या पोराने मागितलं की सर हमखास न चालणारं द्यायचे आणि पुढे काय होतं ते बघत उभे राहायचे. पोरगं पेन झटकत बसलं, तोंडाची वाफ देत बसलं, की "गेलास तू!" आणि कोणी लगेच हात वर करून "सर, दुसरं द्या" म्हणालं, की त्याच्या पाठीत असा धपाटा बसायचा की शाबासकी आहे हे कळायला वेळ लागायचा.

त्यांचं म्हणणं असं, की अभ्यास नाही म्हणून कोणी नापास होत नाही. "अभ्यास नसलेला कसेतरी पस्तीस ओढतोच रे. नापास होतो तो घाबरलेला. आधी हात थांबतो, मग डोकं थांबतं, आणि मग पोरगं वर पंख्याकडे बघायला लागतं. नजर पंख्याला लागली की पेपर गेला."

म्हणून कुठलीही परीक्षा झाली की बाकीचे शिक्षक विचारायचे, पेपर कसा गेला? आमचे सर विचारायचे, "पंखा कसा होता?" कुणी भाबडेपणाने सांगितलं की पातं वाकडं आहे आणि कर्र कर्र वाजतो, की सर कपाळाला हात लावायचे. आम्ही हुशार झालो आणि "बघितला नाही सर" म्हणायला लागलो. मग ते डोळ्यांत बघायचे. त्यांना थाप लगेच कळायची.

या पंख्याच्या रोगात माझा नंबर पहिला होता. तोंडी विचारलं तर मी फडाफडा उत्तरं द्यायचे. तेच गणित छापील कागदावर पुढ्यात आलं, की हात गार पडायचे आणि मान आपोआप वर जायची. नववीत गणितात मला वर ढकललं होतं, हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

आणि शाळेच्या फाटकावर तो फ्लेक्स. 'दहावीचा निकाल शंभर टक्के', खाली संस्थाचालकांचे हसरे फोटो. शंभर टक्क्यांची एक गंमत असते. ते शिकवून येतात तसे चाळूनही येतात. दहावीच्या सुरुवातीला शंभराला गालबोट लावतील अशी पोरं निवडायची, त्यांच्या आईबापांना बोलवायचं, आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. म्हणजे पोराने शाळा सोडायची आणि बोर्डाला बाहेरून बसायचं. मग ते पास होवो नाहीतर नापास, शाळेच्या निकालात ते धरत नाहीत.

आमच्याकडे बोलावणं आलं तेव्हा वडील कंपनीत पहिल्या पाळीला होते, म्हणून आई गेली. मुख्याध्यापक तिच्याशी फार गोड बोलले. "ताई, मुलीच्या भल्यासाठीच सांगतोय. बाहेरून बसली की तिला टेन्शन नाही."

आई म्हणाली, "बाहेरून कशापायी? वर्गात जागा नाय का?"

सर तिथेच कपाटातून खडूचं खोकं काढत होते. पाठ न वळवताच म्हणाले, "ती माझ्या तुकडीतून बसेल."

"आणि गेली तर?" मुख्याध्यापक म्हणाले. "फ्लेक्सवर काय छापू मी?"

"गेली तर फ्लेक्स मी माझ्या हाताने उतरवतो. आणि दहावीचा वर्गही सोडतो. पाचवीला पाढे शिकवीन."

मुख्याध्यापक काही वाईट माणूस नव्हते, पण ऐकलेलं विसरणारेही नव्हते. "लक्षात ठेवतो," म्हणाले. मी दाराशी उभी होते. सर बाहेर आले, खडूचं खोकं माझ्या हातात दिलं आणि त्यांच्या नामपूरकडच्या बोलीत म्हणाले, "घाबरू नको, मी शे ना आठे." म्हणजे, मी आहे ना इथे. सर रागावले की अहिराणीत जायचे, आणि माया आली तरी अहिराणीतच जायचे. दोन्हींत फरक ओळखायला आम्हाला वर्षभर लागलं.

घरी येताना आई झपाझप पुढे चालत होती. चाळीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "आता तुला पास व्हावंच लागंल बाई. त्या माणसानं तुझ्यापायी स्वतःची मान अडकवली."

त्या दिवसापासून सरांनी आमच्यामागे आवाजाचा ससेमिरा लावला. सराव परीक्षेला बाकाच्या एका पायाखाली दगड, म्हणजे बाक डुगडुगलं पाहिजे. पेपर अर्धा झाला की स्वतःच दारावर थापा मारायच्या, शिपायाला हाका मारायच्या, घंटेचे चुकीच्या वेळी टोल द्यायला लावायचे. एकदा त्यांनी आपली स्कूटर थेट वर्गाच्या व्हरांड्यात आणून लावली. तिचा सायलेन्सर कधीच फुटला होता आणि सरांनी तो मुद्दाम दुरुस्त केला नव्हता. फाट-फाट-फाट असा आवाज करत ती खिडकीबाहेर उभी, सर ॲक्सिलरेटर पिळताहेत, आणि आत आम्ही प्रमेय सिद्ध करतोय.

पूर्वपरीक्षेला तर कहर झाला. शाळेमागच्या मैदानात संध्याकाळी ढोल पथकाचा सराव चालायचा. सरांनी त्या पोरांना चहा-भजी कबूल करून सकाळीच खिडकीखाली बोलावलं. त्यांचा म्होरक्या कमरेला ढोल बांधून खिडकीतून डोकावला. "सर, कंचा ठेका धरू? मिरवणुकीचा का साधा?"

"मिरवणुकीचा. भूमिती आहे, दणकून वाजवा."

काचा थरथरत होत्या. अ तुकडीच्या पालकांनी तक्रार केली. मुख्याध्यापकांनी सरांना लेखी समज दिली. सरांनी ती घडी घालून बाकाच्या पायाखाली दगडाच्या जागी ठेवली, आणि बाक पुरेसं डुगडुगेना म्हणून दुसऱ्या दिवशी काढून पुन्हा तिथे दगड ठेवला.

कोणाला वाटेल की हा माणूस नुसताच विक्षिप्त. तसं नव्हतं, सर गणित फार सुरेख शिकवायचे. त्यांचं एक वाक्य होतं, "काही सुचलं नाही ना, तर दिलंय ते लिही." गणितात जे दिलेलं असतं ते आधी मांडायचं. एवढं दिलं आहे, एवढं काढायचं आहे. "दिलेलं लिहायला कोणाच्या बापाचं काय जातं? आणि हात एकदा चालला की डोकं येतं मागून, लाजेकाजेने." मी त्या ढोलांच्या दणक्यात पहिल्यांदा 'दिलेले' असा शब्द लिहिला आणि पुढचं लिहीत गेले. त्या भूमितीत मला आयुष्यात पहिल्यांदा चांगले मार्क पडले. मला वाटलं, जिंकलं.

ड तुकडी बोर्डाच्या परीक्षेला गेली ती छाती काढूनच. आता काहीही होऊ दे, वरात जाऊ दे, छप्पर गळू दे, लाइट जाऊ दे!

तसं काही म्हणजे काहीच झालं नाही. आमचं केंद्र गंगापूर रोडला एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आलं होतं. चारी बाजूंनी बंगले आणि झाडं. फरशी अशी चकचकीत की चपला काढाव्यात की काय कळेना. बाक हलत नव्हतं. पर्यवेक्षक बाई मऊ चपला घालून फिरत होत्या. सातपूरला जन्म काढलेली आम्ही पोरं, घराच्या एका बाजूला पत्रे ठोकणारं प्रेसशॉप आणि दुसऱ्या बाजूला टेंपोचा थांबा. त्यावर वर्षभर सरांचे फटाके आणि ढोल. एवढी शांतता आम्ही कधी ऐकलीच नव्हती. पहिला पेपर मराठीचा होता, तो कसाबसा ओढला.

फाटकाबाहेर सर वाट बघत होते. "काय गं, पंखा कसा होता?"

आणि माझ्या तोंडून भडाभडा निघालं, "पांढरा, सर. मधल्या वाटीला सोनेरी कड आहे. एका पात्यावर पालीच्या शिटेचा डाग आहे. फिरतो पण आवाजच करत नाही."

अफसाना म्हणाली, "सर, इतकं शांत होतं ना, माझ्या पोटातलं गुडगुड पूर्ण लाइनला ऐकू गेलं. कसम से. मला लिवताच येईना."

एकेक जण तेच सांगायला लागला. सर फुटपाथच्या कठड्यावर बसले. मग म्हणाले, "सगळं केलं, आणि हे राहूनच गेलं." जाताना मात्र मला म्हणाले, "भाषेचं निभेल. बीजगणिताच्या दिवशी मी काहीतरी करतो."

बीजगणिताच्या दिवशी प्रश्नपत्रिका हातात आली आणि ठरल्याप्रमाणे माझे हात गार पडले. बाहेर साधा कावळाही ओरडत नव्हता. सोनेरी कड, डाग, सगळं जागेवर होतं. मला फ्लेक्स दिसत होता आणि शिडीवर चढून तो उतरवणारे सर दिसत होते.

तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीपलीकडून आवाज आला. फाट-फाट-फाट.

माझ्या पुढच्या बाकावरच्या अफसानाची पाठ ताठ झाली. आमच्या खोलीत ड तुकडीचे जेवढे होते तेवढ्यांच्या माना एकदम खाली गेल्या. स्कूटर भिंतीच्या कडेने गेली, वळली, परत आली. मी 'दिलेले' लिहिलं. दुसऱ्या फेरीला पहिलं समीकरण सुटलं. फेऱ्या चालूच होत्या, आणि मी पान उलटलं तेव्हा बाहेर शिट्टी वाजली, कोणीतरी ओरडलं आणि स्कूटर बंद पडली.

पुन्हा तीच शांतता. मी वाट बघितली की आता येईल, आता येईल. मग खाली पाहिलं तर हात आपला लिहीतच होता. मी त्याला अडवलं नाही.

पेपर सुटल्यावर बघतो तो फाटकाजवळच्या तंबूत सर पोलिसांच्या खुर्चीवर बसलेले. स्कूटरची किल्ली हवालदाराच्या हातात. शेजारी केंद्राचे संचालक, आणि आमचे मुख्याध्यापकही धावतपळत आलेले. आरोप असा होता की सर स्कूटरच्या आवाजातून पोरांना उत्तरं सांगत होते.

आणि हे त्या माणसावर, ज्याने सराव परीक्षेत चिठ्ठी सापडली म्हणून एका नगरसेवकाच्या पोराला त्याच्या घरी नेऊन, त्याच्या बापासमोर ती मोठ्याने वाचायला लावली होती! सरांचा चेहरा लाल झाला होता. ते एक शब्द बोलत नव्हते, अहिराणीतसुद्धा नाही.

हवालदार मामा आमच्याकडे वळले. "ह्ये तुमचे सर का? सकाळधरनं फेऱ्या मारून ऱ्हायलेत. लय वेळा हटकलं, ऐकतच नाय. काय खुणा ठरल्या व्हत्या, बोला."

अफसाना पुढे झाली. "मामा, किल्ली लावा ना, चालू करून बघा. ती गाडी एकच आवाज काढते. त्याच्यात चार पर्याय कसे बसवणार?"

मामांनी खरोखरच कीक मारली. फाट-फाट-फाट. समोरच्या बंगल्यातून कुत्रं भुंकायला लागलं. मग मी सगळं सांगितलं. फटाके, दगड, ढोल, शांतता, सगळं. मामा आधी हसू दाबत होते, मग दाबेनासे झाले. पण संचालक हसले नाहीत. त्यांनी सरांकडून लिहून घेतलं की परीक्षा संपेपर्यंत केंद्राच्या शंभर मीटरच्या आत पाऊल ठेवणार नाही आणि ही गाडी या रस्त्याने आणणार नाही. मुख्याध्यापक फक्त माझ्याकडे बघून म्हणाले, "भूमिती राहिली आहे अजून." म्हणजे काय ते सरांना कळलं आणि मलाही कळलं.

भूमितीच्या आधी एक दिवस सुट्टी होती. सकाळीच निरोप आला, पांडवलेणीच्या पायथ्याशी या. आम्ही बसने गेलो. सर पायऱ्या चढून आम्हाला वरच्या एका मोठ्या लेण्यात घेऊन गेले. आतला दगड गार होता आणि खालच्या हायवेचा आवाज तिथे पोचत नव्हता. सरांनी प्रत्येकाला एकेक प्रश्नपत्रिका दिली आणि म्हणाले, "आज मी बोलणार नाही." आणि लेण्याच्या उंबऱ्याशी मांडी घालून बसले.

मी कागदाकडे बघितलं, हात गार पडले, मान वर गेली. वर पंखा नव्हता, नुसता दगड होता. म्हणून मग मी सरांकडे पाहिलं.

त्या माणसाचे हाल बघवत नव्हते. आधी त्यांचा गुडघा हलायला लागला. तो त्यांनी दाबून धरला. मग बोटं जमिनीवर ठेका धरायला लागली. त्यांनी दोन्ही तळहात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. ओठ मिटलेले, कपाळावर घाम. एक पारवा फडफडत आत आला तर सरांचे डोळे आशेने चमकले. तो निघून गेल्यावर पुन्हा तसेच बसले. आयुष्यभर दणदणाट करत आलेला माणूस आमच्यासाठी स्वतःच्या हातांवर बसून होता. मला एकदम त्यांची फार माया आली. हे गप्प बसू शकतात तर मी लिहू शकते, असं म्हणून मी लिहायला घेतलं. दिलेले: त्रिकोण अबक.

कागद गोळा केल्यावर सरांनी हात झटकले, मुंग्या आल्या होत्या. मग ते म्हणाले, "मी नामपूरला दहावीला बसलो ना, तेव्हा शाळेच्या भिंतीला लागून कांद्याचा लिलाव चालला होता. ट्रॅक्टर, आरडाओरडा. मला एक अक्षर सुचलं नाही. कौलं बघत बसलो, आणि गेलो. तेव्हापासून डोक्यात एकच, की पोरांना आवाजाला तयार करायचं." त्यांनी गोळा केलेले कागद सारखे केले. "तुम्हाला वर्षभर माझ्या परीक्षेला बसवलं मी. तुमची वेगळीच शे."

अफसानाने डबा उघडला आणि सरांपुढे धरला.

निकाल लागला तेव्हा फाटकावर नवा फ्लेक्स चढला, शंभर टक्क्यांचा. मी काठावर नाही, चांगली पास झाले होते. मुख्याध्यापकांनी पेढा देताना सरांना विचारलं, पुढच्या वर्षीही ड तुकडीच ना? सर म्हणाले, ड असेल तर, नाहीतर पाचवीला पाढे बरे. आज मी सातपूरलाच एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग मोजून तपासते. दिवसभर कानाशी प्रेस आदळत असतात, त्यांचं मला काही वाटत नाही. लाइट गेली आणि सगळा शॉप गप्प झाला, की बाकीचे कामं टाकून दाराशी जातात. मी हातातला भाग मोजून संपवते.

पण माझ्या मनातला निकालाचा दिवस तो पेढ्यांचा नव्हे. तो भूमितीच्या पेपरचा. त्या दिवशी मी केंद्राबाहेर आले तर रस्त्यावर फक्कीने मारलेली शंभर मीटरची पांढरी रेघ होती, आणि रेघेला चपलांची टोकं लावून सर उभे होते. शेजारी स्कूटर. लिहून दिलं होतं तरी तिला घेऊन आलेच होते. मात्र आवाज नको म्हणून मुख्य रस्त्यापासून उन्हात ढकलत आणली होती. शर्ट पाठीला चिकटला होता. आमची पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली, पण ते माझ्याकडेच बघत होते.

"काय गं," त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला बारीक वाटला. "पंखा कसा होता?"

मी आठवायला लागले. खोली तीच होती, बाकही तेच. सोनेरी कड मागच्या पेपरची आठवत होती. आजचं काही केल्या आठवेना.

"आज वर पंखा होता का, सर?"

सरांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं, नेहमीसारखं, थाप आहे का ते शोधत. मग स्कूटर वळवली आणि कचकन कीक मारली. फाट-फाट-फाट असा आवाज सगळ्या बंगल्यांवरून गेला. तंबूतून मामांनी शिट्टी फुंकली, पण सर केव्हाच वळणापलीकडे गेले होते.